क्षेत्रभेटीचं फाडलेलं पान

दहावीच्या भूगोलात क्षेत्रभेट असते. मुलांना एखाद्या जागी न्यायचं, तिथल्या लोकांना प्रश्न विचारायचे, अहवाल लिहायचा. पनवेलला इतकी वर्षं शिकवलं, पण मुलांना खाडीवर नेलं ते फक्त नोकरीच्या पहिल्या वर्षी. तोच अहवाल पुढे दरवर्षी सांगत आलो. मी सांगायचो, मुलं उतरवून घ्यायची.

एका वर्षी 'खाडीच्या दोन्ही काठांना तिवरांचं दाट वन आहे' असं सांगत होतो, तेव्हा एक मुलगी उठली. खाडीलगतच्या गावातली, बाप मासे पकडणारा.

"सर, तिथं तिवरं नाय आता. भराव टाकलाय. गोदाम होनार हाय."

"घ्या! सरांपेक्षा हिलाच जास्त माहिती," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मीही.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचा अहवाल आणला. बापाला, शेजाऱ्यांना प्रश्न विचारून लिहिलेला. होडी कुठं बांधायचे, कुठली मासळी यायची थांबली, सगळं त्यात होतं. मी ते पान सगळ्यांसमोर फाडलं. "बोर्डाला हे चालत नाही. सांगितलं तेच लिही."

बोर्डाचं नाव उगाच घेतलं. पहिल्या वर्षानंतर मी तिथं गेलोच नव्हतो, हे त्या पानामुळे उघडं पडत होतं. तिनं मुकाट्यानं उतरवून घेतलं. मी पैकीच्या पैकी गुण दिले. माझ्या तासाला तिनं पुन्हा कधी हात वर केला नाही.

यंदा तिची भाची माझ्या वर्गात आली. अहवालाच्या तासाला पेन उघडून तयार. म्हटलं, "तुमच्या खाडीबद्दल तूच सांग."

"नको सर. आत्या म्हनली, सर सांगतील तेच लिव. नायतर पान फाडतात."

वर्ग पुन्हा हसला. मला हसता आलं नाही.

शनिवारी मुलांना घेऊन निघालो. वाट भाचीनं दाखवली. मला ओळखू येत नव्हती. गोदामाच्या भिंतीमागे पाण्याची एक पट्टी उरली होती. तिथंच, घराच्या दारात आत्या उभी होती.

"आता इथं बगायला काय हाय, सर?"

"प्रश्न विचारायचेत. तुलाच."

ती पायरीवर बसली, बोलत राहिली. मुलं लिहीत राहिली. शेवटी भाचीची वही घेऊन तिनं सगळं वाचलं, मग माझ्याकडे बघितलं.

"ऱ्हाईल ना पान वहीत?"

"राहील," मी म्हणालो. माफी मागायची होती, पण मुलांसमोर धीर झाला नाही. पान मात्र मुलांसमोरच फाडलं होतं.