भीमाबाईचं खाचर

अकोले गावाच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्याला चिकटून महादेव कोळ्यांची एक वाडी आहे. पावसाळ्यात तिथे उघडीप म्हणून नसते, पण सगळं पाणी उताराने खाली पळतं. चैत्रात बायका झऱ्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरतात. उतारावर वरई-नाचणी होते. भात पिकतं ते फक्त ओढ्याकाठच्या खाचरांत.

भीमाबाईचं असं एकच खाचर होतं. चौऱ्याण्णवच्या श्रावणात ती सकाळी गुरं सोडत होती, तेव्हा वरची दरड सुटली. माणसं वाचली, लावलेलं भात दगडांखाली गेलं.

दीर आसाराम म्हणाला, "सोडा ते, वैनी. नारायनगावला बागायतीत काम मिळतं. तुमी दोघं चला आमच्यासंगं."

"तिथं आपलं काय हाय?" भीमाबाईने विचारलं.

आसाराम बायकापोरं घेऊन गेला. भीमाबाई आणि तिचा नवरा कारभारी मागे राहिले. हिवाळाभर त्यांनी दगड उपसले, त्यांचाच बांध घातला. मग ओढ्यातला गाळ पाट्यांनी आणून खाचरात टाकू लागले.

उन्हाळ्यात हिरडा विकूनच मीठ-तेल येई. कारभारी हिरड्यावर चढला आणि फांदी मोडली. वाडीला रस्ता नव्हता. माणसांनी बांबूला घोंगडी बांधून त्याला राजूरच्या दवाखान्याकडे नेलं. निम्म्या वाटेत त्याने पाणी मागितलं. कुणाजवळच नव्हतं. राजूर दिसायच्या आत तो गेला.

दिवस घालायला आसाराम आला. "आता तरी चला, वैनी."

"गाळ आनायचा राह्यलाय," ती म्हणाली.

तिने एकटीने पाट्या वाहिल्या. लावणीला सगळी वाडी न बोलावता चिखलात उतरली. दिवाळीला नवा भात शिजला. नवऱ्याचा घास बाजूला काढून ती जेवली. दिवसभर झोडणी करून पोटात आग पडली होती.

पुढच्या पावसात दरड पुन्हा आली. बांध, गाळ, रोपं, सगळं ओढ्यात गेलं. भीमाबाई रडली नाही. गाय शेजारणीच्या दावणीला बांधून ती राजूरच्या एसटी स्टँडवर गेली.

नारायणगावात आसारामने तिच्या हातातलं गाठोडं घेतलं. "उद्या टमाट्याची तोडनी हाय, वैनी. लवकर निघावं लागंल."

ती "व्हय" म्हणाली. पुढे होळीला ती वाडीत येत राहिली, पण ओढ्याच्या बाजूला कधी गेली नाही.