मांडे कोण करतं

मुलीने बारा मिनिटांचा लघुपट केला, त्यात मी सासूबाईंबद्दल बोलू नये ते बोलून गेले, आणि तो लघुपट पडद्यावर पाहायला सासूबाई आमच्याबरोबर निघाल्या. त्या चार दिवसांत माझी काय गत झाली असेल, ते यावरून कळावं.

आमच्याकडे बऱ्हाणपुरात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावर पुरणाचे मांडे करतात. पुरण भरलेला सैल उंडा दोन्ही हातांवर घेऊन कोपरापर्यंत पसरवत न्यायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद टाकायचा. सगळं काम मनगटाचं. सासूबाईंच्या मांड्यांचं आमच्या राजपुरा मोहल्ल्यात नाव होतं. चार वर्षांपूर्वी त्यांची मनगटं गेली. चहाचा कपसुद्धा त्यांना दोन हातांनी धरावा लागतो. पण आखाजीला भावकी येते ती त्यांच्या हातचे मांडे खायला. मग कुणी न ठरवताच एक व्यवस्था बसली. पुढच्या अंगणातल्या चुलीवर नुसती रशी, म्हणजे पुरणाच्या पाण्याची आमटी, उकळते, तिच्याजवळ सासूबाई कोपरापर्यंत पीठ माखून बसतात, आणि मी मागच्या पडवीत मांडे करून झाकलेल्या ताटातून पुढे पाठवते. लोक म्हणतात, “काकू, वा!” त्या मान डोलावतात. या व्यवस्थेबद्दल आम्ही दोघी एकमेकींशी कधी एक शब्द बोललो नव्हतो.

मुलगी इंदूरला चित्रपटाचं शिकते. यंदाच्या आखाजीला तिने माझ्या पदराला एक छोटा माइक अडकवला आणि आपण खिडकीबाहेर कॅमेरा घेऊन उभी राहिली. पहिली दहा मिनिटं मी शाळेत गणित शिकवते तशी नीट बोलले. मग ती दुसरीकडे गेली असं मला वाटलं. दोन्ही हात पिठात, माइक काढणार कोण? आणि हात अडकले की माझं तोंड सुटतं. नेपानगरची जाऊ शेजारी पुरण वाटत होती. तिला मी म्हणाले, “पंचवीस वर्षं माझ्या मांड्यांना गोधडी म्हणाल्या. आता त्याच गोधड्यांवर मिरवतात. हातात काही राहिलं नाही, पण तोरा बघ. पीठ लावून बसायचं, झालं.”

जाऊ खदखदून हसली. तेही माइकमध्ये गेलं.

मुलीने लघुपट दाखवला तेव्हा मी म्हटलं, “हे काढ.”

“मम्मी, वही तो फिल्म है! ते काढलं तर मांड्यांची रेसिपी उरते.”

“आजीने पाहिलं तर?”

“कुठे पाहणार? इथे नाही दाखवणार मी. प्रॉमिस.”

पुढे कोकणातल्या एका समुद्राकाठच्या गावाने तो त्यांच्या लघुपट महोत्सवासाठी निवडला. गावकरी मिळून भरवतात, पाहुण्यांना आपल्या घरी उतरवतात. मी मनात नकाशा मांडला. दोन गाड्या आणि एक एसटी. तिथे आपल्याला कोण ओळखतं? हो म्हणून टाकलं. रात्री जेवताना बातमी सांगितली, तर सासूबाई म्हणाल्या, “मी पण येते. समुद्र पाहिला नाही मी.”

“आई, प्रवास फार आहे. कंबर धरेल तुमची.”

“घरी बसून पण धरते.”

विषय संपला.

महोत्सव शाळेच्या सभागृहात होता. उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांवर होड्या झाकायच्या निळ्या ताडपत्र्या बांधल्या होत्या. पुढे सतरंज्या, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. बाहेर फळ्यावर खडूने कार्यक्रम लिहिला होता. आमचा लघुपट दुपारी चारला. मी लगेच आमच्या घरमालकिणीला गाठलं. मासे विकणाऱ्या, ठसठशीत बाई. त्यांना म्हटलं, “साडेतीनला आमच्या आईंना समुद्रावर न्याल का? पाचपर्यंत आणू नका.”

“पाचपर्यंत? नातीचा सिनेमा चुकेल की त्यांचा.”

“चुकू दे.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं. नेते.” जास्त विचारलं नाही, हे मला फार आवडलं.

सकाळी अकराच्या चहानंतर एका मुलाचा लघुपट लागायचा होता. तो त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडेचना. तिघांनी खटपट केली. मग सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरांनी माइक घेतला. “तोपर्यंत आपण बऱ्हाणपूरचा लघुपट पाहू या.” मी उठून उभी राहीपर्यंत दिवे गेले होते. सासूबाई पुढच्या सतरंजीवर, बाजूच्या भिंतीला खांदा टेकून, घरमालकिणीच्या शेजारी बसलेल्या. मी मागच्या रांगेत. मधे सगळं गाव.

मुलगी माझ्याजवळ येऊन कुजबुजली, “सॉरी, मम्मी. मला पण आत्ताच कळलं.”

“बस गप,” मी म्हटलं.

पडद्यावर माझे हात आले. मग माझा आवाज आला. आपला आवाज इतका खणखणीत आहे हे मला माहीत नव्हतं, आणि त्या सभागृहात तो दुप्पट झाला. गोधडीचं वाक्य आलं तसं सगळं सभागृह हसलं. बायका तर जास्तच. पुढचं वाक्य आलं, हातात काही राहिलं नाही, आणि हसू थांबलं. कारण मुलीने तिथे अंगणातल्या सासूबाई जोडल्या होत्या. पीठ माखलेले दोन हात मांडीवर ठेवून त्या बसल्या आहेत, आणि एक हात थरथरतोय. उरलेल्या सात मिनिटांत मी काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. मी पूर्ण वेळ सासूबाईंच्या पांढऱ्या अंबाड्याकडे बघत होते. तो हलला नाही.

दिवे लागले. मास्तर म्हणाले, “कुणाला काही विचारायचं आहे?”

सासूबाईंनी हात वर केला. घरमालकिणीने त्यांना धरून उठवलं. मी मनात परतीच्या गाडीची वेळ आठवायला लागले. त्यांची माफी कशी मागायची याचा विचार मी चार दिवसांत केलाच नव्हता. फक्त कळू कसं द्यायचं नाही, याचाच केला होता.

“ती पिठाची बाई मी आहे,” सासूबाई म्हणाल्या. “आणि बोलली ती माझी सून. ती मागे बसली आहे, घाबरली आहे.”

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

“खरं बोलली ती. मांडे तीच करते. मी चार वर्षं चुलीपुढे धूर खात बसते, डोळ्यांचं पाणी थांबत नाही. मला वाटायचं, हिलाच तसं हवं आहे. घराचं नाव राहावं म्हणून मला बसवते. आता कळलं, हिला पण नको आहे. मग कशाला बसायचं? सुटले मी.”

मी काही बोलायच्या आत घरमालकिणीने विचारलं, “पण आजी, सुनेचे मांडे कसे होतात?”

“आधी गोधडीच होती, त्यात खोटं काय? आता चादर झाली आहे. रुमाल व्हायला वेळ आहे अजून.”

सभागृह असं हसलं की ताडपत्री हलली. मीही हसले. चार दिवस छातीवर धरून ठेवलेलं काहीतरी खाली ठेवावं तसं झालं. मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. तिला म्हटलं, “आता रडून काय? पुढच्या वेळी माइक आधी काढ माझा.”

दुपारी सासूबाईंना समुद्रावर मीच घेऊन गेले. त्यांनी चपला वाळूत काढल्या, लुगडं थोडं वर धरलं आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. मीही साडी वर धरून त्यांच्या शेजारी गेले. मग मी म्हटलं, “तोरा म्हणायला नको होतं मी.”

“तोरा होताच. तो नाही गेला अजून,” त्या म्हणाल्या. “पण मला आधी विचारायचं होतंस.”

“तुम्ही तरी कुठे सांगितलंत?”

“मी सासू आहे. मी कशी सांगणार?”

पाण्याने त्यांच्या पायाखालची वाळू ओढली, तशी त्यांनी माझा दंड पकडला. पकड ढिली होती, पण पकडलं.

“आता आखाजीला असं करू,” मी म्हटलं. “मांड्यांची चूल पुढच्या अंगणात. मी सगळ्यांसमोर करते. तुम्ही बाजूला पलंगावर बसा.”

“आणि काय करू?”

“मला नावं ठेवा.”

“ते तर मी करीनच,” सासूबाई म्हणाल्या. “पण पलंग सावलीत टाकशील. आणि पहिला मांडा मला.”