ड्रॅगनसाठी स्थळ शोधणाऱ्या आपा

समोर कोणीही येवो, आपा त्याला आधी चार प्रश्न विचारायच्या. गाव कुठलं, घरी कोण कोण, काय करतोस आणि कुठं जमलंय का. गॅसची टाकी घेऊन येणाऱ्याला त्यांनी हे विचारलं होतं, मतदार यादी तपासायला आलेल्या बाईंना विचारलं होतं, आणि पावसाळी सहलीला येऊन रस्ता चुकलेल्या पुण्याच्या चौघांनाही. त्या चौघांपैकी एकाचं पुढे आपांनीच जमवून दिलं. तेव्हा एके दिवशी त्यांनी एका ड्रॅगनला हेच प्रश्न विचारले, याचं त्यांना ओळखणाऱ्या कोणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते ड्रॅगनला.

कुसगावात आपांचं साड्यांना फॉल-पिको करून देण्याचं दुकान होतं आणि त्या दुकानावरच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. मी लोणावळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर. आपांचे यजमान, म्हणजे आमचे चाचा, टेम्पो चालवायचे. ते मी राहायला येण्याआधीच गेले होते. दुकान नावाला होतं. आपांचा खरा धंदा लग्नं जुळवण्याचा. निकाह असो नाहीतर मांडवातलं लग्न, वराळ्यापासून इकडे घाटाच्या तोंडापर्यंत आपांनी जुळवलेलं एखादं तरी जोडपं नाही असं गाव शोधावं लागलं असतं. पण मी आलो तोवर धंदा बसला होता. "आता पोरं मोबायलवरच जमवत्यात," त्या म्हणायच्या. "आमाला नुसतं जेवायला बोलावत्यात. त्ये बी पत्रिका वाटून झाल्यावर." बोलायला घरी कोणी नाही आणि बोलायला येणारे यायचे थांबले, हे दुःख मात्र त्या कधी उघड बोलल्या नाहीत. नुसतं मशीन चालवायच्या, साडी नसली तरी.

त्यांना नवा धंदा मिळाला तो माझ्यामुळे. मला एक नाद होता, अजून आहे. मोबाइलवर आमचा एक गट आहे. त्यात आम्ही एकेक पात्र घेतो, कोणी जादूगार, कोणी यक्षांचा सेनापती, कोणी परग्रहावरची डॉक्टर, आणि दोघं मिळून गोष्ट लिहितो. चार ओळी एकाने लिहायच्या, पुढच्या चार दुसऱ्याने. याला रोलप्ले म्हणतात. त्यात सगळ्यात अवघड काम लिहिण्याचं नाही, जोडीदार मिळण्याचं. मराठीत लिहिणारे मूठभर, त्यातले निम्मे सुरुवातीला ताऱ्यांपर्यंत यान नेतात आणि मग एकाएकी गप्प होतात. माझं यान तेव्हा शनीच्या कड्यांत अडकून पडलं होतं आणि त्याचा कप्तान गेले तीन आठवडे ऑनलाइन दिसत असूनही उत्तर देत नव्हता. माझा चेहरा पाहून आपांनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता नीट ऐकून घेतलं.

"आन् तुमच्यात मध्यस्थ कोन असतं?"

"कोणी नाही, आपा. ज्याचं त्यानेच शोधायचं."

"म्हनून मोडतंय," आपा म्हणाल्या, आणि मला वाटतं, त्याच क्षणी त्यांनी आमचा गट आपल्या अखत्यारीत घेतला.

आपांना टाइप करता येत नव्हतं. पण फोनसमोर बोललं की फोन ते लिहून काढतो, हे मी त्यांना दाखवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी गटात जाहीर केलं की ज्याला जोडीदार पाहिजे त्याने आधी आपल्याशी बोलावं. लोकांना गंमत वाटली आणि लोक बोलले. आपांची चौकशी पक्की असायची. रोज लिहितो का आठवड्यातनं? रक्त, मारामारी चालते का? प्रेमाचं प्रकरण चालेल का, आणि चालेल तर कुठवर? समोरच्याला बोलू देतो का सगळीकडे आपलंच घोडं पुढे दामटतो? एका मुलाचं पात्र म्हणे कधीच मरायचं नाही, बाणही लागायचा नाही. आपांनी त्याला सांगितलं, "बाळा, तुला जोडीदार नको, तुला टाळ्या वाजवनारं पायजे. त्ये माझ्याकडं न्हाई."

चौकशीत उतरलेल्यांचा मग बघण्याचा कार्यक्रम व्हायचा. आपांचा नियम असा की, दोन्ही पात्रांनी आधी एकच प्रसंग लिहायचा, एकत्र चहा पिण्याचा. त्यात तलवार काढायची नाही, मंत्र म्हणायचा नाही, ग्रह फोडायचा नाही. "लढताना समदेच शूर दिसत्यात. चहा पिताना मानूस कळतं." यावर आम्ही खूप हसलो. मग यक्षांचा सेनापती आणि परग्रहावरची डॉक्टर चहाला बसले. सेनापतीने पंधरा ओळी स्वतःच्या पराक्रमाच्या लिहिल्या आणि तोवर डॉक्टरीणबाईंचा चहा गार झाला. आपांनी ते स्थळ तिथल्या तिथे मोडलं. माझ्या यानाला मात्र त्यांनी कप्तान शोधून दिली. तिने चहाच्या प्रसंगात माझ्या पात्राला साखर किती ते विचारलं होतं. ती गोष्ट आम्ही अजून लिहितोय. शनी केव्हाच मागे पडला.

गटाचा एक कडक नियम होता: कोणाला खरं नाव, गाव, वय विचारायचं नाही. आपांसाठी हा नियम म्हणजे उपासच. पण त्यांनी तो रोज्यासारखा पाळला. पात्राची सात पिढ्यांची माहिती काढायच्या, पात्रामागच्या माणसाबद्दल एक शब्द नाही. "पडद्याआडचं पडद्याआड," म्हणायच्या आणि मग खाली माझ्यासमोर तासभर अंदाज बांधत बसायच्या. अमुक पोरगी नक्की सासुरवाशीण आहे, दुपारचीच लिहिते. तमुक पोरगं परीक्षेत नापास झालंय, त्याच्या गोष्टीत सगळे राजे हरतात.

असं करता करता आपांना स्वतःलाच गोष्ट लिहावीशी वाटू लागली. हे त्यांनी मला इतकं लाजत सांगितलं की मला आधी दुसरंच काहीतरी वाटलं. त्यांनी पात्र घेतलं राज्याच्या सीमेवर भाकऱ्या भाजून विकणाऱ्या एका म्हातारीचं. जोडीदारासाठी जाहिरात मीच टाकली. आणि मग जे झालं त्याचं मला वाईट वाटतं. गटातली निम्मी जोडपी जिने लावली, तिचं कुठेच जमेना. एक राक्षस आला, म्हातारीने त्याला विचारलं, आई आहे का तुला? राक्षस दुसऱ्या दिवसापासून दिसला नाही. एक अवकाशातला लुटारू आला, त्याला तिने त्याच्या यानात राहतात किती जण आणि स्वयंपाक कोण करतं ते विचारलं, तोही गेला. लोकांना युद्ध पाहिजे होतं आणि म्हातारी त्यांना बसायला पाट देत होती. "मलाच नकार," आपा एकदा म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण त्या दिवशी त्यांनी जेवायला केलं नाही. मी दोन वडापाव आणले, त्यांनी एकाचेही चार घास खाल्ले नाहीत.

तेव्हा तो ड्रॅगन आला. त्याने रीतसर सुरुवात केली. डोंगरामागून झेपावला, दोन गवताच्या गंजी पेटवल्या आणि म्हातारीच्या झोपडीसमोर जबडा उघडून उभा राहिला. आपांनी फोन तोंडाशी धरला. "आरं, आग वकतूस त्ये ऱ्हाऊ दे. जेवलास का? कुटला तू? घरी कोन कोन असतं?" मी म्हटलं, झालं, हाही गेला. दिवसभर उत्तर आलं नाही. संध्याकाळी दोन ओळी आल्या: "ड्रॅगनने जबडा मिटला. तो म्हणाला, नाही जेवलो. घरी कोणी नाही."

पुढे वर्षभर तो ड्रॅगन म्हातारीच्या अंगणात राहिला. चूल पेटवायला त्याचा उपयोग व्हायचा. पावसाचे कपडे त्याच्या पाठीवर वाळायचे. त्यांच्या गोष्टीत काही म्हणजे काही घडायचं नाही. ड्रॅगनचं पथ्यपाणी, गावच्या पाटलाची बडबड, कोणाची शेळी हरवली, एवढंच. गटातले थोर लेखक त्याला हसायचे आणि रोज वाचायचे. आपा मात्र पार बदलल्या. सकाळी उठून आधी ड्रॅगनने काय लिहिलंय ते बघायच्या, मग चहा. एखादा दिवस त्याची ओळ आली नाही तर माझ्या भाड्याच्या खोलीचा नळ गळतोय, यावरून मलाच ओरडायच्या. त्यांना कोणीतरी बोलायला मिळालं होतं आणि मला याचा आनंद होता.

आणि मग त्यांनी ड्रॅगनसाठी स्थळ शोधायला घेतलं.

मी त्यांना स्पष्ट विचारलं, आपा, हे कशाला? त्याचं जमलं तर तो उडून जाईल. तुम्ही जुळवलेली जोडी आपला वेगळा गट करून तिकडे लिहिते, हा नियम तुमचाच. मग तुमचं काय?

"त्याचं पंख बघितलंस का? कवापासनं उघडलं न्हाईत," आपा म्हणाल्या. "तरनं पोरगं असनार त्यो लिहिनारा. लढाया लिहायचं वय त्याचं. हितं म्हातारीपाशी बसून शेळ्या राखतोय."

"त्याला आवडतंय म्हणून बसलाय."

"आवडतंय म्हनून पोरगी आपन जल्मभर ठिवून घेतो व्हय? जड झाली म्हनून कोन देत न्हाई, बाळा. येळ झाली म्हनून देत्यात."

आपांनी जोर लावून शोध घेतला आणि एक बर्फाची ड्रॅगनीण काढली. लिहिणारी खरंच उत्तम होती, तिच्या श्वासाने समुद्र गोठायचे. चहाचा प्रसंग म्हातारीच्याच अंगणात झाला. ड्रॅगनिणीचा चहा कपातच गोठला, तेव्हा ड्रॅगनने हलकी फुंकर घालून तो पुन्हा वाफाळता केला. यापेक्षा चांगला चहाचा प्रसंग आमच्या गटात झालेला नाही. आपांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "पसंत हाय का?" उत्तर यायला दोन दिवस लागले. "ड्रॅगनने मान खाली घातली. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं."

"बघ, लाजलं," आपा मला म्हणाल्या. "चांगल्या घरची पोरं असंच म्हनत्यात."

पाठवणी आपांनी एका रविवारी दुपारी केली. म्हातारीने वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या, ड्रॅगनच्या पंखांना तेल लावलं, ड्रॅगनिणीला सांगितलं की याला सकाळी उठल्या उठल्या बोलायला आवडत नाही. शेकडो लग्नांत मी आईला कोरड्या डोळ्यांनी मिरवताना पाहिलंय, असं त्यांच्या लग्न होऊन गेलेल्या मुलीने मला पूर्वी सांगितलं होतं. त्या दुपारी आपा इतक्या रडल्या की फोनला त्यांचे शब्दच कळेनात आणि शेवटचं वाक्य मला टाइप करावं लागलं. दोन्ही ड्रॅगन वेगळ्या गटात गेले. आपांनी त्यांची खबर कधी काढली नाही. अक्षता पडल्यावर मध्यस्थाने त्या घरात डोकवायचं नसतं म्हणे. मी दुसरा जोडीदार बघू का विचारलं, तर म्हणाल्या, "नगं. माझं झालं लिहून."

पुढल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि आपा गेल्या. त्यांनी लग्न लावून दिलेली माणसं आपापली पोरं घेऊन आली होती; कब्रस्तानाच्या बाहेर गाड्या लावायला जागा उरली नाही. मला त्यांच्याइतकं जवळचं माणूस कुसगावात दुसरं नव्हतं, आणि ते गेलं. दोन दिवसांनी मी गटात लिहिलं, आपा वारल्या. तर कोणी संजीवनी मुळी घेऊन धावलं, कोणी कालयंत्र पाठवलं, यक्षांच्या सेनापतीने थेट यमावर स्वारी केली. मला लिहावं लागलं: खरोखर वारल्या. कुसगावच्या होत्या. माझ्या घरमालकीण होत्या. खाली माझा नंबरही दिला. मग सेनापतीने स्वारी मागे घेतली.

संध्याकाळी एक फोन आला. आवाज चांगला पिकलेला, मागे पिठाच्या गिरणीचा खडखडाट. "मी त्यो ड्रॅगन," पलीकडचे गृहस्थ संकोचून म्हणाले. गिरणी त्यांचीच होती, जुन्नरकडे कुठेतरी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मी बर्फाच्या ड्रॅगनिणीबद्दल विचारलं. ती महिन्याभरातच लिहायची थांबली होती.

"मग तुम्ही परत का नाही आलात?" मी जरा चढ्याच आवाजात विचारलं.

"कसं यायचं ओ? लगीन लावून दिल्यालं मानूस परत दारात उभं ऱ्हातं व्हय? आन् मला वाटलं, कुनी कॉलेजातली पोरगी म्हातारीचं सोंग घेऊन लिहितीया. आपा ह्ये बी त्यातलंच एक पात्र. तिला कट्टाळा आला आसल माझा, म्हनून बिचारी मानानं मोकळी होतीया. म्हनलं, पोरीला कशाला आडवायचं." मग त्यांनी विचारलं, "वय काय हो त्यांचं?"

"बासष्ट."

"म्हंजी माझ्याहून चार वर्सांनी धाकट्या," ते म्हणाले. कोणीतरी दळण घेऊन आलं असावं, त्याला त्यांनी थांबायला सांगितलं. मग मला म्हणाले, "मग मी त्या स्थळाला न्हाईच म्हनलो असतो की ओ."