सलीमभाईंच्या पेट्या आणि आमची हरित साखळी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. प्रेस मशीनखाली लोखंडाचा चुरा साठतो तसे ते आपोआप साठतात आणि एक दिवस झाडायला घेतलं की कळतं, अरे, हा तर ढीग झाला! आमच्या 'हरित साखळी'चं तसंच झालंय. चहाला चार जण जमले की एकेक किस्सा निघतो, सगळे हसतात आणि मग एकदम गप्प होतात.

आधी माणसं सांगते. अंबडला माझं लहानसं प्रेस शॉप आहे. आम्ही पत्र्याचे ब्रॅकेट काढतो, भालेराव त्यांना प्लेटिंग करतात, म्हणजे धातूचा मुलामा देतात, सलीमभाई पॅकिंगसाठी लाकडी पेट्या बनवतात आणि कदमांचे ट्रक तो माल मोठ्या कंपनीच्या चेन्नईच्या प्लांटला पोचवतात. कंपनीचं नाव घेत नाही, ऑर्डर अजून चालू आहे! तिथले सस्टेनेबिलिटीचे साहेब म्हणजे कौस्तुभ. वयाने लहान, मनाने चांगले, फक्त लॅपटॉप उघडला की त्यांना समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा. पत्र्यापासून ट्रकपर्यंत सगळी सप्लाय चेन पर्यावरणाला सोसेल अशी नव्याने आखायची, आणि तीही सगळ्यांनी मिळून, असं त्यांनी घेतलं मनावर.

* * *

पहिली मीटिंग पाथर्डी फाट्याजवळच्या एका हॉटेलात झाली. कौस्तुभ साहेबांनी आम्हाला गोल उभं केलं आणि सुतळीचा एक गुंडा आणला. आपण ज्याला माल देतो त्याच्याकडे गुंडा फेकायचा, पण आपल्या हातातली सुतळी सोडायची नाही, असा खेळ! पोटं सुटलेले आम्ही सगळे व्हेंडर निमूटपणे गुंडा फेकत राहिलो. थोड्या वेळात हॉलभर जाळं झालं. वेटर ट्रे घेऊन खालून वाकून जायला लागले.

साहेब भारावून गेले. "बघा! एकाने जरी सोडली तरी सगळ्यांना जाणवतं! सलीमभाई, तुम्हाला काय जाणवलं?"

सलीमभाईंनी सुतळी दोन बोटांत चोळून बघितली. "माल चांगला आहे साहेब. कुठून घेतली?"

* * *

त्याच दिवशी नियम ठरला. कोणताही बदल सगळ्यांचे हात वर झाले तरच पास. एकाचा जरी हात खाली राहिला तर बदल नाही. "कोणालाही मागे ठेवून आपण पुढे जाणार नाही," असं साहेबांनी जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू?

पुढच्याच मीटिंगला पहिला ठराव आला : ट्रक अर्धे भरून पाठवायचे नाहीत. सगळ्यांचे हात वर, कदमांचा खाली! साहेबांनी मुद्दा पुन्हा समजावला. हात खालीच. मग ग्राफ दाखवला. हात खालीच. भालेरावांनी कानात सांगून पाहिलं. शेवटी साहेब हात जोडून म्हणाले, "कदम, तुमचं ऑब्जेक्शन काय आहे ते तरी सांगा. आम्ही ऐकायलाच बसलोय."

"ऑब्जेक्शन काय नाय हो साहेब! खांदा आखडलाय. हात लय वर जात नाय!"

* * *

मग ऑडिट सुरू झालं. प्लेटिंगचं सांडपाणी शुद्ध केलं की शेवटी ते काचेच्या टाकीत सोडायचं आणि टाकीत मासे ठेवायचे, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मासे जिवंत म्हणजे पाणी चांगलं. भालेरावांचं जुनं युनिट तेव्हा कसंबसं चालायचं आणि ऑडिट असलं की सकाळी सकाळी स्कूटरवरून पिशवीत मासे यायचे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

ऑडिटर टाकीपाशी बराच वेळ उभे राहिले. "मासे एकदम ताजे दिसतायत हो! कधीपासून आहेत हे?"

भालेरावांना खोटं बोलताना घाम फुटतो. ते म्हणाले, "सर, खरं सांगू का? हे परमनंट नाहीत. कॉन्ट्रॅक्टवर आहेत."

ऑडिटरसुद्धा पोट धरून हसले. लाइनवरचे कामगार तेवढे हसले नाहीत. तेही कॉन्ट्रॅक्टवरच होते.

भालेरावांची बाजूही सांगते. नंतर त्यांनी पाणी शुद्ध करायचा नवा प्लांट बसवला. आता मासे जगतात, वाढतात. पण कंपनीचं काम गेलं तर तो प्लांट चालवणं त्यांना जमणार नव्हतं. साखळी टिकणं त्यांच्या पोटाचा प्रश्न होता.

* * *

आणि मग पेट्यांचा विषय निघाला. सलीमभाईंच्या लाकडी पेट्या चेन्नईला जायच्या आणि तिकडेच फोडून जाळल्या जायच्या. त्याऐवजी घडीचे प्लॅस्टिक बिन, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारे खोके, घ्यायचे. कदमांचे ट्रक तिकडून बऱ्याचदा रिकामे यायचे, त्यांतून बिन परत आणायचे. कदमांना परतीचं भाडं. ओल्या लाकडाने ब्रॅकेटला डाग पडायचे ते बंद, म्हणजे भालेरावांचं काम वाया जाणं बंद, आणि कंपनीची माझ्यावरची बोंबही बंद. सगळ्यांचा फायदा होता. एकच माणूस साखळीतून पूर्ण बाहेर जाणार होता, आणि तो आमच्याच टेबलावर बसून बिस्किट खात होता.

स्क्रीनवर हिरवंगार झाड आलं. "इतकी झाडं वाचतील!" साहेब म्हणाले.

"साहेब, मी जिंदगीत एक झाड तोडलं नाही," सलीमभाई म्हणाले. "परदेशातून तुमच्या मशिनी येतात ना, त्यांचंच पॅकिंग भंगारातून घेतो आणि त्याच्या पेट्या ठोकतो."

साहेबांनी लॅपटॉपमध्ये वर-खाली बघितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. "पॉइंट बरोबर आहे भाई. पण शीटमध्ये त्याला कॉलम नाही."

* * *

ट्रायलला पहिले बिन गेले आणि त्यातले बरेचसे परत आलेच नाहीत. चेन्नईचे म्हणाले, आम्ही पाठवले. कदम म्हणाले, मी आणले. शोधाशोध सुरू झाली. एक दिवस कदमांचा फोन आला, ते पिंपळगाव बसवंतला होते.

"ताई, बिन सापडले! मार्केटात हायेत. टमाटे भरलेत त्यात!"

त्यांच्याच एका ड्रायव्हरने ते वाटेत स्वतःच्या गावाला उतरवले होते. साहेब फोनवर ओरडले, "अहो, ते आपल्या साखळीतले आहेत!"

"हा ना साहेब. साखळी जरा लांबली!"

बिन मिळेपर्यंत माल अडकला. तेव्हा पेट्या कोणी दिल्या? सलीमभाईंनीच. रात्रंदिवस माणसं लावून दिल्या आणि वर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, सुटले बिचारे! पण कंपनीने बिनना चिप लावली, प्रत्येक बिन मोबाईलवर दिसायला लागला आणि दुसरी ट्रायल पास झाली.

* * *

आता फक्त सलीमभाईंचा हात वर व्हायचा राहिला होता. नियम आम्हीच केलेला! त्यांनी हात खाली ठेवला असता तर सगळं जागच्या जागी थांबलं असतं. म्हणून आम्ही त्यांना समजवायला त्यांच्या शेडवर गेलो. शेड त्यांच्या वडिलांनी टाकलेली. वडील मालेगावचे, मागावर जमेना म्हणून इकडे येऊन रंधा हातात घेतलेले.

आम्ही आत शिरलो तशी बोलणं ऐकू यावं म्हणून सलीमभाईंनी कटर बंद करायला लावलं. सगळे सुतार हातातलं काम ठेवून उभे राहिले. कोण सुरुवात करणार म्हणून आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

यूसुफचाचा तिथले सगळ्यात जुने सुतार. ते कानावरची पेन्सिल काढत पुढे आले आणि आनंदाने म्हणाले, "साहब लोग खुद आए हैं! ऑर्डर बढ़ा रहे क्या?"

सलीमभाई म्हणाले, "हां चाचा. चाय बोलो सबके लिए."

चहा पिऊन आम्ही बिनचा विषय न काढताच परत आलो.

* * *

कंपनीने सुतारांना वाऱ्यावर सोडलं, असं मात्र म्हणता येणार नाही. त्यांच्यासाठी खास ट्रेनिंग ठेवलं! अर्धा दिवस, एसी हॉल, विषय : प्लॅस्टिक बिनची घडी कशी घालावी. शेवटी प्रत्येकाला रंगीत सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. घडी घालायला चेन्नईत त्यांची माणसं होतीच, त्यामुळे या सर्टिफिकेटवर नोकरी कुठे मिळणार, हे ट्रेनिंग देणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

मी सलीमभाईंना विचारलं, "चाचांना कसं वाटलं ट्रेनिंग?"

"खूश आहेत. घरी भिंतीवर लावलंय सर्टिफिकेट. फ्रेम स्वतः बनवली, सागाची."

हे सांगताना ते हसले. मला मात्र त्या दिवशी सगळ्यांचाच राग आला. कौस्तुभ साहेबांचा, त्या शीटचा, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीचा की बिन खरंच चांगले होते.

* * *

शेवटची मीटिंग. मुंबईहून डायरेक्टर आलेले, फोटोग्राफर आलेला, मागे मोठा हिरवा बॅनर. सलीमभाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, सगळ्यांना सलाम-नमस्कार करून नेहमीच्या जागेवर बसले.

बाहेर पार्किंगमध्ये कदम मला म्हणाले होते, "भाई हात वर करणार नाय बघा. मी त्यांच्या जागी असतो तर मेलो तरी केला नसता." भालेराव सारखे घड्याळ बघत होते. त्यांची नवी बॅच लाइनवर उभी होती.

कौस्तुभ साहेबांनी ठराव वाचायला घेतला. "सर्व भागीदारांच्या सहमतीने, लाकडी पॅकेजिंग टप्प्याटप्प्याने..." भालेराव पेनचं टोपण काढत-लावत होते. कदम टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे टक लावून बसले होते. मी माझ्या बांगड्या बघत होते.

वाचन अर्ध्यावर असतानाच सलीमभाईंचा हात वर गेला. सरळ, कानाला लागून.

डायरेक्टर गोंधळले. "भाई, काही विचारायचंय का?"

"नाही साहेब. हा माझा होकार."

"अहो, पण ठराव अजून पूर्ण वाचून व्हायचाय!"

"वाचा की आरामात," सलीमभाई हात तसाच वर ठेवून म्हणाले. "सगळे मघापासून खाली बघतायत. म्हटलं, पहिला हात माझा गेला तर यांना वर बघता येईल."