वाटेच्या तोंडावरचा निळा दगड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दिनकरला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगायला जमेल असं वाटलं होतं. आता लिहायला बसलोय तर सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

सायकलींपासून करतो. ते सोपं आहे.

आमचं गाव कराडपासून फार लांब नाही. गावामागं डोंगर आहे. रविवारी शहरातली मंडळी जाड टायरच्या सायकली घेऊन तिथं यायची आणि गुरांच्या वाटांवर आपटायची. दिनकर माझा शाळेपासूनचा मित्र, ऊस आणि चार म्हशी सांभाळतो. एक दिवस तो म्हणाला, "पडायचंच हाय तर नीट वाट काढून देऊ की रं." पंचायतीनं हो म्हटलं. दोन हिवाळे कुदळ-फावडं घेऊन आम्ही सात वाटा काढल्या. कुणीही यावं, सायकल चालवावी. आजही लोक येतात — नवशिके, पक्के, बायका, म्हातारे, सगळे.

कुठली वाट कुणाची, ते वाटेच्या तोंडावरच्या दगडावरून कळतं. नुसता चुना लावलेला दगड असेल तर कुणीही जावं. चुन्यात कपड्याची नीळ कालवून लावली असेल तर थोडी सवय असलेल्यानं. गेरू असेल तर पक्क्यानंच. आणि रंग ठरवायची आमची एक रीत होती. नवी वाट झाली की एकानं ती वरून खालपर्यंत चालवायची, आणि पाय किती वेळा जमिनीला टेकला ते खाली येऊन सांगायचं. एकदाही नाही — चुना. एक ते तीनदा — नीळ. त्याच्या वर — गेरू. बघायला मागं कुणी नसायचं. चालवणारा सांगेल ते खरं.

चालवणारा मी. कारण मी फार तरबेज नाही आणि फार कच्चाही नाही. आणि दुसरं कारण — मला सगळे मेजर म्हणतात. आमच्याकडं फौजेतून आलेला कुणीही मेजरच असतो. मी हवालदार होतो, तोही स्टोअरमध्ये. वीस वर्षं मी बूट आणि ब्लँकेटं मोजली. हे गावात कुणी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. यालाही खोटं म्हणायचं का? कुणास ठाऊक. पण पुढचं सगळं कदाचित तिथूनच आलं.

सातवी वाट. सकाळची वेळ, ऊन नुकतं वर आलेलं. पहिली दोन वळणं मी नीट उतरलो. तिसरं वळण करवंदीच्या जाळीला वळसा घालतं. वरून बघितलं तर सपाट दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की मुरूम सुटा आहे आणि त्याखाली गुडघाभर काळ्या खडकाची पायरी आहे.

मी सायकलवरून उतरलो.

का उतरलो? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. ती पायरी मी आधी बघितलेली होती — मीच तिच्याभोवतीचा मुरूम ओढला होता. भ्यालो का? छातीत धडधडलं होतं एवढं आठवतं. पण उतरल्यावर पायरी ओलांडून पुन्हा बसता आलं असतं. मी बसलो नाही. सायकल हातात धरून चालत राहिलो. चौथं वळण, पाचवं, सगळं चालत. आणि शेवटच्या वळणाआधी, जिथून खाली बादली घेऊन उभा असलेला दिनकर दिसतो, तिथं थांबलो, कपाळ पुसलं, आणि सायकलवर बसलो. हे मात्र अगदी स्वच्छ आठवतं. ते बसणं.

"किती, मेजर?" दिनकरनं विचारलं.

"दोनदा."

दोन हा आकडा कुठून आला ते मला आजही कळलेलं नाही. दिनकरनं बादलीत नीळ टाकली आणि काठीनं ढवळायला लागला.

आता उज्ज्वलाताई. त्या सांगलीकडच्या, कराडात सून म्हणून आलेल्या. नवऱ्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान. एक्केचाळिसाव्या वर्षी त्या सायकल शिकल्या — म्हणजे लहानपणीही शिकल्या नव्हत्या, एकदम आमच्या डोंगरावरच. घरच्यांना पसंत नव्हतं. दर रविवारी पांढऱ्या वाटेवर पडायच्या, मुरूम झटकायच्या, पुन्हा वर जायच्या. दिनकर चिडवायचा, "ताई, सायकल हाय ती, म्हस न्हाई. एवढी शिंगं आवळून धरू नका."

"तुमची म्हस तरी ऐकते का ओ तुमचं?" त्या म्हणायच्या.

सबंध थंडी त्या पांढऱ्या वाटांवर राहिल्या. मग एकदा मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, निळी उतरेन का मी? मी म्हणालो, उतराल. मग त्या म्हणाल्या, सातवी उतरू का? तिला गर्दी नसते, पडले तर कुणी बघणार नाही. मी काय म्हणालो असेन? मला नीट आठवत नाही, हे खरं सांगतो. कधी वाटतं, मी म्हणालो, जावा की. कधी वाटतं, मी नुसती मान हलवली. थांबवलं नाही, एवढं नक्की.

तिसऱ्या वळणावर त्या पडल्या. खांद्याजवळचं गळ्याखालचं हाड मोडलं आणि कोपर निखळलं. आम्ही त्यांना चादरीत घालून खाली आणलं. चादरीचं एक टोक माझ्या हातात होतं.

त्यांना दवाखान्यात नेणारी गाडी गेल्यावर दिनकरनं वर वाटेकडं बघितलं. मग म्हणाला, "मेजर, एक इचारू? त्या पायरीवरनं तुमी बसूनच उतरला व्हता का?"

बघा, इथं मला दुसऱ्यांदा विचारलं गेलं. सरळ विचारलं. त्याच्या आवाजात संशय होता असंही नाही, त्याला फक्त समजून घ्यायचं होतं.

"व्हय," मी म्हणालो.

"मग ताईचंच चुकलं." आणि तो म्हशींची धार काढायला गेला.

त्या दिवसापासून ते गावभर झालं. ताईंचंच चुकलं. कुवत बघून जायचं असतं. या वयात कसला नाद. त्यांच्या घरातही तेच झालं असणार. महिन्यानं मी त्यांना भेटायला गेलो. हात गळ्यात बांधलेला. सासूबाई आतून चहा आणून ठेवून गेल्या. उज्ज्वलाताई म्हणाल्या, "मेजर, तुमचा शब्द खाली पाडला बघा मी. तुम्ही उतराल म्हणालात, आणि मला साधी निळी जमली नाही. लोक तुम्हालाच नावं ठेवत असतील की ओ. माफ करा."

ही बाई माझी माफी मागत होती.

आणि मी काय केलं? मी म्हणालो, "असू दे."

असू दे. म्हणजे मी माफ केलं. चहा प्यायलो आणि उठलो. पडण्यापेक्षा, हाडापेक्षा, मला हे जास्त — जाऊ दे, जास्त काय आणि कमी काय. मी ते म्हणालो.

त्यांचं कोपर अजून सरळ होत नाही. सायकल दुकानाच्या माळ्यावर गेली.

दर पावसाळ्यात दगडांचा रंग धुऊन जातो. दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा लावतो. म्हणजे मला दरवर्षी संधी येते — बादलीत नीळ टाकायची की गेरू. तीन वर्षं मी सातव्या वाटेच्या दगडाला माझ्या हातानं निळा रंग लावला. गेरू लावला असता तर दिनकरनं का म्हणून विचारलं असतं. एवढ्यासाठीच? हो. एवढ्यासाठीच.

त्याऐवजी मी दर रविवारी तिसऱ्या वळणावर जाऊन बसतो. कुणी आलं की सांगतो, उतरा, पुढं पायरी आहे, चालत जावा. लोक म्हणतात, मेजर किती काळजी घेतात. मी ही काळजी घेतो, की माझ्या त्या 'दोनदा'च्या राखणीला बसतो? बसून-बसून मला कधीकधी असंही दिसतं की मी त्या दिवशी ती पायरी सायकलवर बसूनच उतरलो होतो. स्पष्ट दिसतं. मग घाबरायला होतं.

गेल्या रविवारी उज्ज्वलाताई तीन वर्षांनी डोंगरावर आल्या. मुलगी बरोबर होती, सोळा वर्षांची, आईचीच सायकल घेऊन. तिला सातवीच वाट उतरायची होती. ताई चालत तिसऱ्या वळणापर्यंत आल्या, मला बघून हसल्या. "मेजर आहेत म्हणूनच आणली हिला," त्या मुलीला म्हणाल्या. "ते सांगतील तसं कर."

मी मुलीला सायकलवरून उतरायला लावलं.

"पण निळी आहे ना ही?" मुलगी म्हणाली. "मी बाकीच्या दोन्ही निळ्या उतरलेय."

"ऐक गं," ताई म्हणाल्या. "माझ्यामुळं त्यांच्या मनात भीती बसलीय. निळीच आहे ती. मलाच जमली नव्हती." आणि वाकडाच राहिलेला तो हात त्यांनी मुलीच्या पाठीवर ठेवला.

मी सायकलचं हँडल धरलं होतं. तोंड उघडलं होतं का मी? वाटतं की उघडलं होतं. मग दोघींना पायरीवरून खाली उतरवलं, सायकल मुलीच्या हातात दिली, आणि वर जाऊन माझ्या जागेवर बसलो. त्या खाली पोचेपर्यंत त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मुलगी विचारत होती, आई, तू नेमकी कुठं चुकलीस?

ताई तिला समजावून सांगत होत्या. ब्रेक उशिरा लावला म्हणून. नजर खाली होती म्हणून.

चूक ब्रेकची नव्हती. नजरेचीही नव्हती. ती वाट गेरूची आहे, आणि मी ती वरून खालपर्यंत कधीच चालवलेली नाही. दिनकरला हे सांगायचं आहे. त्या दगडावर गेरू लावायचा आहे. आणि उज्ज्वलाताईंच्या घरी जाऊन, त्यांच्या मुलीसमोर, ते 'असू दे' परत घ्यायचं आहे.

यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.