सत्कारानंतरची पंगत

शाल अजून खांद्यावरच होती. मालकीणबाई जवळ आल्या. म्हणाल्या, "झाला न्हवं सत्कार? आता भाताची बादली घे. तुझी आय एकटीच वाढतीया."

मी उठले. बादली घेतली. वाढू लागले.

राग आला नाही. काहीच वाटलं नाही. बर्फातली शर्यत संपल्यावर बोटं अशीच होतात. आपली असून परकी.

मुळशीच्या डोंगरातली आमची वाडी. आईबाप मालकांच्या शेतावर राबले, मी त्यांच्या बांधावरून पळाले. पळतच तालुक्याच्या शर्यतीला पौडला, मग जिल्ह्याला, मग राज्याला. पुढे एका शिबिरात प्रशिक्षकांनी पायांना स्की बांधून बर्फात उभं केलं. चढ आला की बाकीच्या धापा टाकायच्या. मला चढ काय नवा होता? लांब पल्ल्याच्या स्कीइंगमध्ये देशात पहिली आले. पुन्हा आले. उन्हाळ्यात धावण्याच्या शर्यतींतही पदकं आणली. चाकांच्या स्की घालून डांबरी रस्त्यावर सराव करायचे, तेव्हा गाव खो खो हसायचं. आज मालक माईकवर म्हणाले, "ही पोरगी आमच्याच अन्नावर वाढली."

पंगतीत जवळच्या चांदे गावातल्या नव्या सोसायटीतले शहरी पाहुणे होते. एक बाई म्हणाल्या, "अगं, तूच ना ती स्कीइंग चॅम्पियन? वॉव! जरा आमटी पण आण ना."

तिथं मी बादली खाली ठेवली. एका मोकळ्या पानावर जाऊन बसले. आमच्या वाडीचं माणूस त्या पंगतीत कधी बसलं नव्हतं. आम्ही सगळ्यांचं उरकल्यावर, मागं, खरकट्या भांड्यांपाशी जेवायचो.

मला वाढायला आईच आली. तिनं पानात भात वाढला.

"आये, ठेव ती बादली. बस हितं."

तिनं मालकिणीकडं पाहिलं. हळूच म्हणाली, "न्हाई गं पोरी. उद्या कामाला यायचंय मला."

मी उठले. मालक ओरडले, "भरल्या पानावरनं उठतीस व्हय?"

"माझी आय बसंल तवा जेवीन."

आई बसली नाही. भांडी घासायला गेली. मी चालू लागले.

हिवाळ्यात पुन्हा बर्फात जाईन. पुन्हा जिंकेन. आमचीच म्हणायला हे पुन्हा येतील. येऊ देत. त्यांना एवढंच सांगेन, आधी माझ्या आईला पहिल्या पंगतीत बसवा. वाकून वाढा तिला. तोवर माझं नाव तुमच्या तोंडात नको.