दुनळीवरचे कुंकू

"थोरल्यानं बंदूक नुस्ती धरली. चोर बैलं सोडून घेऊन गेले, तरी यानं चाप काही ओढला नाही. भेला होता तो."

माझ्या चुलतभावाने हे गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या मांडवात पुन्हा एकदा सांगितले, आणि या वेळी ऐकणाऱ्यांत माझ्या दादाची नातवंडे होती. त्यांतला धाकटा हसला. दादा आता नाही. त्याच्या वतीने बोलणारा मी एकटा उरलो आहे, आणि बोलून बोलून मीही थकलो आहे. म्हणून एकदाचे लिहूनच ठेवतो.

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. फुलसावंगीच्या अलीकडे, गावापासून सुटे असे आमचे शेतातले घर होते, आणि राखणीसाठी वडिलांकडे परवान्याची दुनळी बंदूक होती. तिच्या दस्त्यावर चांदीच्या पट्ट्या होत्या, पट्ट्यांवर कोरलेला सिंह होता, वरून लाल मखमलीची खोळ. आलेल्या पाहुण्याला पाण्याच्या तांब्यापाठोपाठ बंदूक दाखवली जाई. पण ती खांद्याला लावण्याची वेळ आलीच तर ती दादावर येणार होती, आणि त्याला सिंहाचे काही कौतुक नव्हते. घामेजल्या हातातून चांदी निसटते, हे त्याला ठाऊक होते. त्याने दस्त्याच्या बुडाला चामड्याचा तुकडा शिवला आणि नळीच्या टोकावरच्या मण्याला चुना लावला, अंधूक उजेडात नेम दिसावा म्हणून. वडिलांनी दोन्ही काढून टाकले.

"बंदुकीले जोडा शिवल्यासारखं काय लावलं रे हे?"

"खांद्यावरून घसरते, बाबा."

"लोकं बंदूक पाहतात. तुह्या खांद्याले कोण पाह्यते?"

त्या वर्षी दसऱ्याला नेहमीप्रमाणे शस्त्रपूजा झाली. बंदुकीला तेलात कालवलेले कुंकू माखले, वर अक्षता टाकल्या, नळ्यांना झेंडूची माळ बांधली. दसऱ्याचे कुंकू दिवाळीपर्यंत पुसायचे नाही, हा आमच्या घरचा नेम. विळ्याला, कुऱ्हाडीला असा नेम सोसतो. दुनळीला सोसत नाही. तिचे दोन घोडे बाहेर असतात. चाप ओढला की मागे ताणलेला घोडा पुढे आपटतो आणि एका बारीक भोकातली टोचणी काडतुसाच्या बुडावर बसते. त्या भोकात तेलकट कुंकू उतरले की ते डिंकासारखे वाळते, टोचणी जड होते आणि ठोका अर्धवट बसतो.

दादाने हे सांगितले नाही असे नाही. "बाबा, तेवढं घोड्यापासचं पुसू द्या. आत जाऊन राह्यलं ते."

"पूजा हाय ते. दिवाळी झाल्यावर पूस."

दिवाळी यायच्या आधीच चोर आले. दिवेलागणीची वेळ होती, गुरे नुकतीच परतली होती, वडील गावात गेले होते. चौघेजण काठ्या-कुऱ्हाडी घेऊन सरळ गोठ्यात शिरले आणि त्यांनी बैलजोडी सोडली. दादा माळेसकट बंदूक घेऊन ओसरीवर आला. मी त्याच्या शेजारी काठी घेऊन उभा होतो. चुलतभाऊ, जो आज डोळ्यांनी पाहिल्याचे सांगतो, तो माजघरात होता, म्हणजे भिंतीच्या पलीकडे.

दादाने बंदूक खांद्याला लावली. दोनदा खट असा बारीक आवाज मी ऐकला. चुलतभावाच्या मते तो आवाज गोठ्याच्या कडीचा. त्यानंतर दादा बंदुकीकडे पाहत नुसता उभा राहिला, एवढे मात्र खरे. चोरांपैकी एकाने जाता जाता मागे वळून विचारले, "काहो पाटील, लगन लावून राह्यले का बंदुकीचं?"

वडील परतले. त्यांनी बंदूक फिरवून पाहिली, सिंहावर बोट फिरवले आणि म्हणाले, "बंदुकीले काही झालं नाही. हात कापले असतीन याचे." दादा उलट बोलला नाही. बोलला असता तर बैलजोडीचे खापर वडिलांच्या पूजेवर फुटले असते. मी बोललो, तर मला गप्प बसवले गेले. पुढे बाजारात लोक दादाला चांदीचा सिंह म्हणू लागले. त्याने ती बंदूक पुन्हा हातात घेतली नाही, आणि पुढची सगळी वर्षे ते नाव मुकाट्याने ऐकून घेतले.

दादाला वाचवू पाहणारे काही भले लोक म्हणतात की काडतुसे सादळली होती. तेही खोटे. दुसऱ्या दिवशी मी वडिलांसमोर रॉकेलने घोडे धुतले, कुंकवाचा चिखल काडीने उकरून काढला आणि त्याच डब्यातले काडतूस बांधावरून उडवले. ते उडाले. वडील घरात गेले.

उरला चुलतभाऊ आणि त्याचा न ओढलेला चाप. चोर गेल्यावर, वडील परतण्यापूर्वी, बंदूक उघडून आतली काडतुसे मी स्वतःच्या हाताने बाहेर काढली होती. दोन्हींच्या बुडाच्या पितळी टोपीवर, चाप ओढल्याशिवाय जो कधीच पडत नाही तो, टोचणीचा एकेक उथळ खड्डा होता.